साक्षरतेचं काम कुणाच्या गळ्यात?

साक्षरता वर्ग कोणी घ्यायचा, यावरून महाराष्ट्रात अधूनमधून ठिणगी पडतेच. केंद्र सरकारचा प्रौढांसाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे आताचा 'उल्लास', आला आणि निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम शाळेच्या शिक्षकांवर आलं, तेव्हा २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं. त्यांचा आधार कायद्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. त्यावर उत्तर येतं, साक्षरता शैक्षणिक नाही तर काय आहे? माझी मावसबहीण जालना जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. फोनवर म्हणाली, "ताई, दिवसभर पोरं, मग पोषण आहाराची माहिती भरा, मग ॲपवर नोंदी. आणि वर गावात निरक्षर शोधत फिरा. शिकवायचं कधी?"

तिचं म्हणणं मला पटतं. तरी या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: मोठ्या माणसाला अक्षर शिकवणं हे कुणीही, केव्हाही, हातासरशी करावं असं काम आहे. वाद फक्त कुणाच्या गळ्यात मारायचं याचा.

मी जर्मनीत आले तेव्हा पदवी असूनही दारावरची पाटी वाचता येत नव्हती. इथे २००५ पासून परदेशातून आलेल्यांसाठी एकात्मता अभ्यासक्रम आहे. साधारणपणे भाषेचे ६०० तास आणि देशाचा कायदा, इतिहास, समाज यांचे १००. तास पंचेचाळीस मिनिटांचा. मी तो फोक्सहोखशूलमध्ये केला. गावोगावची ही लोकशिक्षणाची केंद्रं देशभरात आठशेहून अधिक आहेत आणि जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतसुद्धा त्यांचा उल्लेख होता.

वर्गात स्वतःचं वर्कशॉप चालवलेले पन्नाशीचे गृहस्थ होते, तीन पोरं वाढवलेल्या बायका होत्या. लहान मूल चुकलं की हसून पुढे जातं. मोठा माणूस चारचौघांत चुकला की दुसऱ्या दिवशी येतच नाही, आणि कारण विचारलं तर डॉक्टरचं सांगतो. आमच्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्या कुणालाही एकटं उभं करून वाचायला लावत नसत. आधी जोडीत, मग चौघांत, आणि धीर आल्यावर मोठ्याने. असल्या गोष्टी शिकाव्या लागतात. या वर्गांवर शिकवायचं तर सरकारी मान्यता लागते, आणि योग्य पदवी नसेल तर वेगळं प्रशिक्षण.

मधल्या सुट्टीत मात्र बाईंच्या टेबलाशी दुसरीच रांग लागायची. घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचं पत्र, शाळेचं पत्र. कचेरीची जर्मन जर्मन माणसालाही घाम फोडते. बाई पत्र वाचून अर्थ सांगत, पण सही करायची की नाही हे सांगायला साफ नकार देत. त्यासाठी सल्ला केंद्राचा पत्ता देत. मग दोन-चार दिवसांनी तसंच पत्र, नावगाव काढून, धडा म्हणून वर्गात यायचं. मला वाटतं, प्रौढांच्या शिक्षकाची जबाबदारी इथे नीट दिसते. माणसाची अडचण वर्गात घ्यायची, पण त्याचा निर्णय आपण घ्यायचा नाही. कायद्याच्या तासाला एका गृहस्थांनी स्त्री-पुरुष समानतेवर वाद घातला, तेव्हाही त्यांना गप्प केलं गेलं नाही. राज्यघटनेचं तिसरं कलम वाचायला दिलं आणि बाई म्हणाल्या, पटवून घेणं तुमच्यावर, पाळणं सगळ्यांवर.

आता हे वाचून कुणी 'बघा, परदेशात कसं' म्हणणार असेल तर थांबा. त्याच बाईंना रोज हजेरीपत्रक भरावं लागे, आणि ज्यांना जॉबसेंटरने, म्हणजे बेरोजगारांना भत्ता देणाऱ्या कचेरीने, कोर्सला पाठवलंय त्यांची विनाकारण गैरहजेरी भत्त्यावर येऊ शकते. ज्याच्या विश्वासावर वर्ग चालतो त्याच्याच हातात चौकीदाराची वही. आणि बाई कायम नोकरीत नव्हत्या. इथले असे बहुतेक शिक्षक तासावर काम करतात. किमान दर तासाला चाळीस युरोंच्या वर ठरलेला आहे, ऐकायला बरा. पण आजारपण, सुट्ट्या, पेन्शनचा हप्ता सगळं त्यातूनच, आणि तयारीचा वेळ, मधल्या सुट्टीतली पत्रं कुठल्याच बिलात नाहीत. २०२२ मध्ये हेरेनबर्ग गावातल्या संगीत शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात संघीय सामाजिक न्यायालयाने निकाल दिला की ती स्वतंत्र व्यावसायिक नव्हे, कर्मचारीच आहे. त्याने प्रौढ शिक्षणाच्या संस्थाही हादरल्या आणि २०२५ मध्ये संसदेला त्यांना हे जुळवून घ्यायला मुदत द्यावी लागली. आणि हो, निरक्षरता इथेही आहे. २०१८ च्या पाहणीत १८ ते ६४ वयातले ६२ लाख लोक साधा मजकूर धड वाचू-लिहू शकत नव्हते. त्यातल्या निम्म्याहून अधिकांची मातृभाषा जर्मन.

आपल्याकडे उल्लासमध्ये शिकवणारा स्वयंसेवक आहे आणि त्याला मानधन नाही. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपये आणि लक्ष्य पाच कोटी माणसांचं. भागाकार केला तर माणशी दोनशे सात-आठ रुपये येतात, पाच वर्षांचे. त्याआधीच्या साक्षर भारत योजनेतही शिकवणारे स्वयंसेवकच होते, पण ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षा केंद्रावर ते चालवणारे दोन प्रेरक तरी असत, महिना दोन हजार रुपयांवर. २०१८ च्या मार्चमध्ये योजना संपली आणि प्रेरकही गेले.

सेवाभावाने काहीच होत नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली ती कुठल्या जीआरवर नव्हे. साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम, १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झालेलं केरळातलं एर्नाकुलम, हे लोकांनी अंगावर घेतलेलं काम होतं. पण मोहिमेला शेवट असतो. अक्षर ओळखता येऊ लागल्यावर बँकेचा फॉर्म, सातबारा, औषधाची चिठ्ठी इथवर नेणारं माणूस रोज लागतं. दीडशे गुणांच्या परीक्षेला बसवलं की आपली मोहीम संपते, आणि शिकणारीची गरज तिथून सुरू होते. शिवाय फुकट राबणाऱ्याला जाब कोण आणि कुठल्या तोंडाने विचारणार? मग वरिष्ठ जाब विचारतात तो शाळेच्या गुरुजींना, कारण पगारी तेवढेच सापडतात.

म्हणून मला बहिष्कारापेक्षा मागणी महत्त्वाची वाटते, आणि ती संघटनांनी अजून जोर लावून केलेली मला दिसली नाही. ग्रामपंचायतीत प्रौढांसाठी वेगळी शिक्षिका द्या. बचत गटातली बारावी झालेली सून चालेल, निवृत्त गुरुजी चालतील. पण प्रशिक्षण द्या, महिन्याच्या महिन्याला पैसे द्या, तयारीचे तास धरून, आणि आकडे भरायचं काम दुसऱ्या कुणाकडे ठेवा. वर्गाची वेळ तिला आणि शिकणाऱ्या बायकांना ठरवू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग बंद राहिला तर नोटीस काढू नका. झेडपीच्या शिक्षकांनी तिला वाचन कसं शिकवायचं ते शिकवावं, आणि ते त्यांच्या शाळेच्या वेळेतलं काम म्हणून आदेशात लिहिलेलं असावं.