सुदानचा आकडा लहान का दिसतो

गाझावर पोस्ट टाकली की खाली कुणीतरी हमखास विचारतो, "मग सुदानचं काय?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना सुदानशी काही देणंघेणं नसतं. समोरच्याचं तोंड बंद झालं की त्यांचं काम झालं. पण प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर डोकं फिरवणारं आहे.

या वादात दोन्ही बाजूचे लोक आकडे एकमेकांच्या अंगावर फेकतात. "गाझात साठ हजार, सुदानात वीस हजार." हे आकडे एका तागडीत टाकताच येत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या पद्धतीने तयार झालेले असतात. गाझाचं आरोग्य मंत्रालय याद्या काढतं: नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक. क्रमांक असल्यामुळे यादी बाहेरच्या माणसाला तपासता येते. तिच्यात लढणारे आणि सामान्य नागरिक वेगळे केलेले नसतात, आणि ढिगाऱ्याखालून न निघालेली माणसं बहुतेक करून नसतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या सुमारे १,२०० जणांची तर एकेक करून ओळख पटवली गेली. युक्रेनमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय एकेक मृत्यू पडताळून मगच मोजतं. म्हणून मारियुपोलसारख्या, जिथे जाताच आलं नाही अशा शहरातले बरेचसे मृत्यू त्या आकड्याबाहेर आहेत. खरा आकडा याहून मोठा आहे, असं ते कार्यालय स्वतःच दरवेळी लिहितं. आपल्याकडे बातमी येईपर्यंत नेमकं तेच वाक्य गळतं.

सुदानात यातलं काहीच नाही. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि राजधानी खार्टूममधली बहुतेक रुग्णालयं बंद पडली, फोन बंद पडले. लोकांनी आपली माणसं अंगणात, रस्त्याच्या कडेला पुरली. नोंद कोण करणार?

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी तीन स्वतंत्र मार्गांनी मृतांच्या याद्या जमवल्या. एक जाहीर सर्वेक्षणातून, एक ओळखीपाळखीच्या जाळ्यातून आणि एक सोशल मीडियावरच्या निधनवार्तांमधून. मग एकच नाव किती याद्यांत सापडतं ते पाहिलं. नावं पुन्हा पुन्हा जुळली तर समजायचं की याद्या जवळपास पूर्ण आहेत. क्वचितच जुळली तर कुठल्याच यादीत न आलेले मृत खूप आहेत. इथे ती फारच कमी जुळली. त्यावरून निघालेला अंदाज असा: पहिल्या १४ महिन्यांत एकट्या खार्टूम राज्यात ६१ हजारांहून जास्त मृत्यू, त्यातले २६ हजार थेट हिंसेत. त्याच काळात अख्ख्या देशासाठी नोंदवलेला हिंसक मृत्यूंचा आकडा होता सुमारे २० हजार! एका राज्यातले मृत्यू देशाच्या आकड्यात मावत नव्हते, आणि आपण तोच आकडा धरून कमेंटमध्ये भांडत होतो.

पश्चिमेच्या दारफुरमधल्या अल फाशेर शहराचं तर आणखी भयंकर. दीड वर्ष वेढा. आरएसएफने नागपूरच्या रिंग रोडसारखा शहराला वळसा घालणारा मातीचा बांध उभारला. ऑगस्ट २०२५ पर्यंत तो ३१ किलोमीटरवर गेला होता. आत अडीच लाखांवर माणसं. धान्य संपलं, सामूहिक स्वयंपाकघरं बंद पडली, तेव्हा लोकांनी भुईमुगाची ढेप खाल्ली. विदर्भात ढेप कुणापुढे टाकतात हे वेगळं सांगायला नको. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. आत एकही निरीक्षक नव्हता, म्हणून येल विद्यापीठाच्या संशोधकांना मृत शोधावे लागले उपग्रहाच्या चित्रांत: आदल्या चित्रात नसलेले, साधारण १.३ ते २ मीटर लांबीचे आकार, आणि त्यांच्याजवळ लालसर झालेली जमीन. जागतिक आरोग्य संघटनेने तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याचं वृत्त असल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात नागपूरच्या संविधान चौकात सुदानसाठी कितीशा मेणबत्त्या लागल्या?

दोष फक्त वाचकाच्या काळजाचा नाही. मराठी पेपरात विदेशाची बातमी एजन्सीकडून येते. एजन्सीचा माणूस आत नसेल, व्हिसा मिळत नसेल, इंटरनेट तोडलेलं असेल तर फोटो नाही, आणि फोटो नाही तर जागा नाही. ज्याला माणसं मारायची आहेत त्याला हे गणित पाठ असतं. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात २०२० पासून दोन वर्षं हेच झालं. पण दोष आपला नाहीच असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदान आपल्या पहिल्या पानावर होतं, कारण 'ऑपरेशन कावेरी' चालू होतं. साडेतीन हजारांवर भारतीय सुखरूप परतले आणि सुदान पानावरून उतरलं. मरायचे ते मरतच राहिले. २०१५ मध्ये बैरुतच्या स्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी पॅरिसवर हल्ला झाला. फेसबुकने सेफ्टी चेक (आपण सुखरूप आहोत हे कळवायची सोय) आणि प्रोफाइलला लावायचा झेंडा दिला तो पॅरिससाठी. बैरुतला नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीला खुलासा करावा लागला. म्हणजे ओरड ऐकू जाते.

तेव्हा आकडा शेअर करण्याआधी बघा: कोणी मोजला, कोणत्या तारखेपर्यंत, नागरिक वेगळे काढलेत का, भुकेने आणि आजाराने गेलेले त्यात आहेत का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सुटतो. येमेनमध्ये २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यूंचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने (यूएनडीपी) दिला होता, त्यातले सुमारे ६० टक्के भूक, रोगराई आणि पाण्याअभावी. बॉम्ब मोजणाऱ्या बातमीत ही माणसं कधीच येत नाहीत. पेपरात नुसतं "शेकडो ठार" आलं असेल तर संपादकांना लिहा, कोणी मारलं ते मथळ्यात मागा.

आणि एक गोष्ट इतवारीच्या सराफ्यात विचारण्यासारखी आहे. सुदानातल्या दोन्ही बाजूंचं युद्ध सोन्यावर चालतं, आणि तिथलं बहुतेक सोनं संयुक्त अरब अमिरातीत जातं. १ मे २०२२ पासून अमिरातीतून येणाऱ्या सोन्याच्या ठरावीक कोट्यावर आपण आयात शुल्कात सवलत देतो. सोनं वितळवून लगड केली की खाण कळत नाही. दागिन्यावरच्या एचयूआयडी या हॉलमार्कच्या सहा अक्षरी ओळख क्रमांकावरून शुद्धता कळते, सराफ कळतो, हॉलमार्किंग केंद्र कळतं. सोनं कुठल्या देशातून निघालं ते कळत नाही. सवलतीच्या कोट्यात येणाऱ्या प्रत्येक लगडीच्या कागदावर मूळ खाणीचा देश असावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करता येते. लग्नसराईच्या आधी करा.