विमची बाजूही ऐका

'विम उघडलाय, आता संगणकच बंद करावा लागणार' हा विनोद मलाही आवडतो. विम हा संगणकावर मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हेच नवख्यांना सापडत नाही. पण विनोदात विमवर अन्याय होतो. त्याचा पूर्वज व्हीआय १९७६ मध्ये बिल जॉय यांनी लिहिला, तोही ३०० बॉडच्या, म्हणजे अगदी मंद गतीच्या मोडेमवर! पडद्यावर अक्षरं उमटायलाच वेळ लागायचा, म्हणून एकेका कळीत अख्खी आज्ञा बसवली. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (पडदा आणि कीबोर्ड असलेलं यंत्र) एस्केप, म्हणजे लिहिणं थांबवून आज्ञा द्यायला लागणारी कळ, आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीला सहज सापडणारं. आपला कीबोर्ड बदलला, त्याला विम काय करणार?

नवीन मंडळींनो, विममधून बाहेर पडायला आधी एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. जतन न केलेले बदल मात्र जातील. आणि गडबडून कंट्रोल-सी दाबलंत, तर हल्लीचा विम बाहेर पडायची आज्ञा स्वतःच खाली दाखवतो.