पृथ्वीला लोणी लावणारे काका

नाताळच्या सुमारास मुंबईहून लंडनला जाताना शेजारच्या काकांसमोरचा पडदा बंद निघाला, आणि हवाईसुंदरीने दोनदा बटणे दाबून क्षमा मागितल्यावर काकांनी तो प्रश्न माझ्या पडद्याकडे मान वळवून सोडवला. "जरा नकाशा लावता का?" या विनंतीनंतर विमानाचे ते पांढरे चित्र लंडनपर्यंत माझ्यासमोरून हलले नाही. आसन निवडण्याचे वेगळे पैसे मी भरले होते, ही नोंद इथे करून ठेवतो.

काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबाला पक्के. "तिकिटावर दुपारी 1 ते साडेपाच, म्हणजे साडेचार तास. परतीला मात्र रात्री साडेआठला निघून सकाळी 11! साडेचौदा तास! जाताना उतार असणार." हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या असतात, म्हणून जायला 10 तास आणि यायला 9, असे मी समजावले. "म्हणजे चढण जातानाच!" काका उद्गारले. वैतागाची गोष्ट ही, की ते फारसे चुकले नव्हते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह जाताना विमानाला समोरून अडवतात आणि येताना मागून ढकलतात.

मग अंतर निघाले. "7,200 किलोमीटर भागिले ताशी 900, उत्तर 8. वरचे 2 तास कुठे गेले? आणि सरळ जायचे सोडून हा वरून का वळतोय? नवखा माणूस दिसला की रिक्षावाला फिरवतो तसा?" गोल पृथ्वीवरची जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते, हे पटवण्यासाठी मी जेवणाच्या ताटातला गोल पाव उचलून त्यावर सुरीने मुंबई-लंडन रेघ ओढली. काकांनी ती नीट न्याहाळली, पृथ्वी माझ्या हातातून घेतली आणि तिला लोणी लावून खाल्ली.

त्या 2 तासांबद्दल मात्र माझाही राग खरा आहे. धावपट्टीसाठी लावलेली रांग, समोरचा वारा, बंद हवाई हद्दींना घातलेले वळसे, हे सगळे समजू शकते. पण उशीर झाला तरी तो दिसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकातच थोडी सैल वेळ घालून ठेवतात, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायला जागा नसली की विमाने जवळच्या बोव्हिंग्डन किंवा लॅम्बोर्न या गावांवर घिरट्या घालतात. आमचेही तसेच झाले. पडद्यावर उरलेली 15 मिनिटे वाढून 22 झाली आणि काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू सुकाणू माझ्याच हाती होते. तेवढ्यात आपण अगदी वेळेवर पोचत असल्याची घोषणा झाली.

"आम्ही बँकेत असा ताळेबंद जुळवला असता," काका म्हणाले, "तर पेन्शनऐवजी चौकशी लागली असती."