आधी घेवाण, मग देवाण

पुस्तक-अदलाबदल क्लबात नाव नोंदवलंत? अभिनंदन. तुमचं कपाट पाहता हे कधीतरी होणारच होतं. नियम अगदी सोपा आहे: एक पुस्तक टेबलावर ठेवायचं, एक उचलायचं. पानं किती, वजन किती, वकूब किती, हे कुणी विचारत नाही. तेव्हा यशाची सूत्रं सांगणारं साठ पानी पुस्तक ठेवून आठशे पानांची कादंबरी काखोटीला मारताना मुळीच संकोचू नका. हिशेब नगाचा आहे, साहित्याचा नाही.

आवडतं पुस्तक मात्र चुकूनही नेऊ नका. पोथ्या नकलून काढणारे जुने लेखनिक शेवटी पोथीच्याच तोंडून विनवणी लिहून ठेवत: तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथपालांनी विनवण्यात वेळ घालवला नाही, त्यांनी पुस्तकं साखळीनं फळीलाच बांधली. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथिड्रलमध्ये ती आजही तशीच आहेत. ही सगळी मंडळी वाचकाला ओळखून होती. तुम्ही ‘पुस्तकं फिरती राहिली पाहिजेत’ असं कळवळून म्हणा आणि पिशवीतून अभ्यासक्रम बदललेल्या परीक्षेचं गाइड काढा. ज्ञानकोशाचा एकुलता एक खंडही चालतो.

कुणी नाक मुरडलंच, तर रंगनाथन पुढे करा. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा म्हणतो, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. तुमच्या गाइडालाही वाचक असणारच, तो अजून जन्माला यायचाय इतकंच. दुसरा नियम म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तो अर्धा तास आधी पोचणाऱ्यांसाठी आहे. (पहिला नियम, ग्रंथ वापरण्यासाठी असतात. हा माझ्या कपाटासमोर मोठ्यानं म्हणू नका.)

खरी रसद म्हणजे भेट आलेली पुस्तकं. अडचण एकच, पहिल्या पानावरचं ‘सप्रेम भेट’. ते पान फाडायचा मोह होईल. थांबा. शिवलेल्या बांधणीत पानं जोडीनं नांदतात. सोळा पानी फर्मा (एकाच कागदाच्या घड्या घालून शिवलेला पानांचा गठ्ठा) असेल, तर पहिला-दुसरा क्रमांक असलेलं पान फाडलं की त्याचं जोडीदार, पंधरावा-सोळावा क्रमांक असलेलं पान, सैल होतं, आणि ऐन रंगात आलेला प्रसंग वाचणाऱ्याच्या मांडीवर गळून पडतो. शाईनं गिरबटलं तर पुस्तक चोरीचं वाटतं. मी एकदा कोरी पट्टी कापून, डिंक लावून, वर जाड शब्दकोश ठेवून रात्रभर दाबली. सकाळी काम इतकं सफाईदार दिसत होतं की स्वतःचंच कौतुक वाटलं. क्लबातलं टेबल खिडकीपाशी होतं. उन्हात पान उचललं गेलं आणि पट्टीखालून ‘वाचून नक्की कळव’ ही अक्षरं उलगडली. पान उचलणारे गृहस्थ तेच, ज्यांनी ते लिहिलं होतं. त्यांनी पट्टीवरून हळूच नख फिरवलं आणि विचारलं, “मग? कळवतोयस ना?”

तेव्हा लिखाण तसंच राहू द्या आणि देणारा क्लबात नाही एवढी खात्री करा.

पुस्तकाच्या प्रकृतीबद्दल बोलताना शब्द जपून वापरा. कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे पानं पिवळी पडलीत असं सांगण्यापेक्षा ‘जुन्या पुस्तकाचा वास बघा’ म्हणा, लोक डोळे मिटून हुंगतात. कसर लागली असेल तर ती अदलाबदलीत मोजत नाहीत, फुकट जाते. पेन्सिलीच्या रेघा मात्र खोडू नका. पहिल्या बारा पानांवर दाट रेघा आणि पुढे सगळं कोरं, एवढ्यावरून घेणाऱ्याला पुस्तकाचं परीक्षण आपोआप मिळतं.

अदलाबदल कायमची की परतीच्या बोलीवर, हे पहिल्याच बैठकीत विचारून घोळ मिटवू नका. चांगलं पुस्तक हाती लागलं तर ती कायमची असते आणि भिकार लागलं तर परतीची. हे धोरण मी तीन वर्षं यशस्वीपणे राबवलं. मग एका कादंबरीचा दुसरा खंड मला मिळाला. पहिला खंड त्याच बैठकीत एका बाईंनी उचलला. त्यांचा वाचून कधीच संपलाय, माझा सुरूच होऊ शकत नाही. मी त्यांना म्हटलं, पहिला द्या. त्या म्हणाल्या, दुसरा द्या. आपला खंड आधी सोडायला दोघांपैकी कुणीच तयार नाही. दर महिन्याला आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसतो, पिशव्या मांडीवर घट्ट धरून. त्या प्रेमानं विचारतात, “काय म्हणतोय दुसरा खंड?” मी सांगतो, “मजेत आहे. पहिल्याची आठवण काढतो.”