सातबाऱ्यावर दरड कुठे लिहितात?

पाऊस सुरू झाला की आमच्या कोकणातल्या भाऊबंदांच्या ग्रुपवर पश्चिम घाटाचा वाद पेटतो. घाटातला कोणता भाग जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा. संवेदनशील गावं ठरवणाऱ्या सरकारी अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला २०२४च्या जुलैत. मधल्या काळात दरडी कोसळून माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. वाद मात्र अजून कोणतं गाव आत नि कोणतं बाहेर यावरच. मी तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं : ‘जपानचं सांगू नकोस, तो श्रीमंत देश आहे.’

आहेच. पण इथे योकोहामात घर भाड्याने घेताना एजंटाने जो नकाशा पुढे केला, तो श्रीमंतीचा नव्हता. घर दरडीच्या पट्ट्यात येतं का, हे सही करण्याआधी सांगणं त्याला कायद्याने भाग आहे. पिवळा पट्टा धोक्याचा; तांबडा म्हणजे घर चिरडलं जाईल इतका. तांबड्यातही गाव उठवत नाहीत. घर मातीचा मार सोसेल असं बांधावं लागतं, आणि प्लॉट पाडून विकायचे तर परवानगी लागते.

हे काही जपानी शहाणपणातून आपसूक आलेलं नाही. १९९९ला हिरोशिमात दरडी कोसळल्या, म्हणून २०००मध्ये कायदा झाला. तरी भाव पडतील म्हणून पट्टे आखायला विरोध होतच राहिला. २०१४मध्ये त्याच शहरात सत्तरहून जास्त माणसं गेली, तेव्हा दरडी आल्या त्यातल्या बऱ्याच जागी पट्टे आखलेलेच नव्हते. मग पाहणीचे निष्कर्ष आधीच जाहीर करायची सक्ती आली. अतामी या जपानी शहरात २०२१ला डोंगरावर कुणीतरी टाकलेला भराव पावसात घसरला, २८ जण गेले. २०२३पासून देशभर भरावावर कायदा लागू आहे.

इर्शाळवाडी आपल्या दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. गावांच्या याद्या करण्यापेक्षा धोक्याचे डोंगरउतार नकाशावर आखा आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढवा, असं माझं म्हणणं. मुंबई-पुण्याहून फार्महाऊसला जागा बघायला येणारा निदान ती वाचेल. प्लॉटिंगवाले ओरडतील, ओरडू देत.

इर्शाळवाडीसारख्या वाड्यांतल्या ठाकर कुटुंबांना मात्र नुसती नोंद पुरणार नाही. त्यांना शेताजवळ दुसरी जागा हवी, आणि तिथे पैशाचा मुद्दा मला मान्य आहे. तो पैसाही पुरत नाही, म्हणा. जपानातल्याच १ जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपात घर गेलेल्या वाजिमा शहरातल्या काही कुटुंबांना तात्पुरती घरं मिळाली ती पुराच्या पट्ट्यात. डोंगराळ भागात सपाट जागा तेवढीच होती. सप्टेंबरात त्या घरांत पाणी शिरलं.