एक गाणं पाठवायचं तर एवढी यातायात?

गाण्याची लिंक पाठवली की पलीकडून गाण्याबद्दल चकार शब्द येत नाही. येतं ते एकच: ‘अरे, हे ॲप नाहीये माझ्याकडे.’ झालं! मी इथे कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन ऐकून थरारून बसलोय आणि मित्राच्या स्क्रीनवर काय? ‘ॲप डाउनलोड करा.’ मोबाइल नंबर द्या. ओटीपी टाका. एवढं करून फुकटच्या खात्यावर भलतंच गाणं सुरू होतं!

बरं, त्याने स्वतःच्या ॲपवर शोधावं तर रोमन स्पेलिंगचा घोळ. भजन सापडतं, पण दुसऱ्याच कुणीतरी गायलेलं. नाहीतर लोफाय, म्हणजे संथ ठेका घालून बदललेलं रूप. नाहीतर तीस सेकंदांची रिंगटोन. अहो, मला तोच आवाज, तीच तान ऐकवायची होती!

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कुणी सांगू नका. ध्वनिमुद्रणांना ओळख म्हणून आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकी कोड देतात. 1986 पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक आहे ते. एका ॲपवरचं गाणं दुसऱ्यावर शोधून देणाऱ्या छोट्या वेबसाइट्सही आहेत. मग या बड्या कंपन्यांना का जमू नये? कोणत्याही यूपीआय ॲपवरून कोणत्याही यूपीआय ॲपवर पैसे जातात, आणि गाणं जात नाही? जमतं सगळं, करायचं नाहीये. गिऱ्हाईक कुंपणाबाहेर जाता कामा नये, बस्स! मग आम्ही दर महिन्याला पैसे भरायचे तरी कशासाठी? एकट्याने कानात हेडफोन कोंबून बसायला?