पॅड टाकलं, पण टाकलं कुठं?

गेल्या शनिवारी इथं इंग्लंडात हॉस्पिटलातली नाईट करून घरी आलो, फोन बघितला तर फॅमिली ग्रुपवर ११४ मेसेज. पोटात गोळाच आला, कोण गेलं की काय. तसलं काही नव्हतं. वहिनीनं संडास साफ करायचा नवा सेट ऑनलाईन मागवलाय त्याचा फोटो होता. पांढरी प्लास्टिकची दांडी, तिच्या टोकाला निळं पॅड बसवायचं, पॅडमध्येच क्लीनर भरलेला, पाण्यात बुडवून घासायचं आणि दांडीवरचं बटण दाबलं की पॅड सुटून पडतं. हाताला काही लागत नाही, वापरा आणि फेका. त्याच्यावरून कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं सगळं घर दोन दिवस भांडतंय.

भांडणाचं मूळ असं की भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी संडास घासणार नाही म्हणून सांगितलं. वहिनीचं म्हणणं, आता हात लावायचाच नाही तर मावशींची हरकत काय. शाहूपुरीतल्या आत्याचं म्हणणं, संडासात फिरलेला ब्रश घरात ठेवायचाच कशाला, बाहेरच्या बाहेर गेलेलं बरं. चुलतभाऊ म्हणतोय पॅड कचऱ्यात तरी कशाला, तिथंच सोडायचं आणि फ्लश करायचं. आणि शेवटी नेहमीचं, "बाहेरच्या देशात सगळे असलंच वापरतात, अक्काला विचारा की." अक्का म्हणजे मी.

आता विचारलंयसा तर सांगतो. (कोल्हापूरच्या बायका आलो-गेलोच म्हणतात, चौदा वर्षं इंग्लंडात काढून पण माझं ते गेलं नाही आणि जाऊ पण नये.)

बाहेर सगळे असलं वापरत नाहीत. इथं ज्या ज्या घरी गेलो तिथं लूच्या, म्हणजे संडासाच्या, कोपऱ्यात साधा ब्रश उभा असतोय, प्लास्टिकच्या नाहीतर स्टीलच्या डब्यात. पाहुण्यानं पण आपलं आपण बघून, गरज असेल तर ब्रश फिरवून बाहेर यायचं, त्यात कुणाला लाज वाटत नाही. दुकानात ही फेकायची पॅडं मिळतात, खपत पण असतील, पण "परदेशात असंच असतंय" म्हणून जे ग्रुपवर फिरवलं जातंय ते खरं नाही. तुम्ही जाहिरात बघून परदेश ठरवताय आणि शिक्का मारायला मी.

मी नर्स आहे, वापरा-फेका म्हणजे काय ते मला रोज बघायला मिळतंय, त्यामुळं मला त्याचा तिटकारा आहे असं समजू नका. आमच्या वॉर्डात सी-डिफचा, म्हणजे जुलाब लावणाऱ्या एका जंतूचा, पेशंट आला की तो वेगळ्या साईडरूममध्ये. त्या जंतूचे स्पोअर्स (बीजाणू) हाताला चोळायच्या जेलनं मरत नाहीत, हात साबण-पाण्यानंच धुवायला लागतात आणि कमोड क्लोरीननं पुसायला लागतोय. तिथं एका पेशंटची वस्तू दुसऱ्याकडं जाता कामा नये म्हणून एकदा वापरायची आणि टाकायची, हे बरोबरच आहे. बेडपॅन तर कागदी लगद्याचे असतात, वापरले की मॅसरेटरमध्ये घालायचे, तो त्यांचा चोथा करून गटारात सोडतोय. मॉपचे पण रंग ठरलेले, लाल संडास-बाथरूमला, हिरवा किचनला, निळा वॉर्डला, पिवळा आयसोलेशनला, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या पेशंटच्या खोल्यांना. म्हणजे स्वच्छता फेकण्यात नाही, कुठली वस्तू कुठं फिरवायची आणि वापरल्यावर तिचं काय करायचं ह्या शिस्तीत आहे. आणि आपलं घर हे वॉर्ड नाही. तीच चार माणसं, तोच एक संडास. तिथं ब्रशला काय झालंय?

ब्रश घाण राहतो कारण आपण तो ओला ओला डब्यात खुपसतो आणि खाली साचलेल्या पाण्याचा वास सुटला की नाक मुरडतो. घासून झालं की फ्लश चालू असताना ब्रश त्या पाण्यात धरायचा, मग त्याची दांडी सीटखाली दाबून दहा मिनिटं आतच निथळू द्यायचा, डबा धुवायचा, आणि कोल्हापुरात तर ऊन आहे की! इथं नोव्हेंबर ते मार्च कपडे सुद्धा हीटरवर वाळवतोय आम्ही. तुमच्याकडं फुकटचं ऊन आणि तुम्ही पॅडं फेकताय. दुसरं म्हणजे आमच्या गल्लीत बोअरचं पाणी, संडासाच्या भांड्यात पिवळे-पांढरे थर बसतात, ते पॅड नुसतं फिरवून निघत नाहीत. त्याला ॲसिडवालं क्लीनर सोडून वीस मिनिटं थांबायला लागतंय आणि मग घासायला लागतंय. आणि वहिनी, हे तुला एकटीला फोनवर पण सांगितलंय, ॲसिडवर ब्लीच कधी ओतायचं नाही, क्लोरीन गॅस होतोय, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

चुलतभावाचं "तिथंच सोडायचं" वाचून तर मी बसच चुकवली. २०१७ साली लंडनच्या व्हाईटचॅपल भागात गटारात एक गोळा सापडला, चरबी आणि ओले वाईप्स (पुसायचे कागदासारखे रुमाल) एकमेकांत गुंतून दगड झालेला, २५० मीटर लांब आणि १३० टनांचा. माणसं आठवड्यामागं आठवडे खाली उतरून तो फोडत होती, नंतर त्याचा तुकडा म्युझियममध्ये काचेत ठेवला. पुड्यावर फ्लशेबल लिहिलेलं म्हणून मी पण पहिली दोन-तीन वर्षं वाईप्स कमोडमध्येच टाकायचो. एका डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या बाथरूममध्ये पाणी उलटं चढलं. प्लंबरनं चेंबर उघडून दोर ओढावा तशी पांढरी दोरी बाहेर ओढली, ती आमचीच होती. म्हातारी काही बोलली नाही, नुसती "नेव्हर माईंड, लव्ह" म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लंडनची गटारं तुंबतात तर आपली काय घेऊन बसलायसा. आपलं सांडपाणी जयंती नाल्यातून उपसून कसबा बावड्याच्या प्लांटला जातंय, आणि पंप बंद पडला की नाला सरळ पंचगंगेत. खाली शिरोळ तालुक्यातली गावं तीच नदी पितात. आत्या, तू तर २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत होतीस. तुझ्या संडासातनं पाणी वर आलेलं तूच रडत रडत सांगितलंस ना मला फोनवर? बाहेरच्या बाहेर म्हणजे कुठं बाहेर? कचऱ्यात टाकलंस तरी घंटागाडीवरचा माणूस उघड्या हातानं पिशवी फोडून ओला-सुका वेगळा करतोय, मे महिन्यात माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पुढं लाईन बाजारचा कचऱ्याचा ढीग. तुझ्या हाताला लागलं नाही, त्याच्या लागलं.

मला राग येतोय तो ह्याचा. ब्रश घाण का पॅड चांगलं हा प्रश्नच नाही, घाणीला हात कुणी लावायचा हा आहे. मावशींनी नाही म्हटलं ना, मग नाही. त्यांनी भांडी-फरशीचं काम घेतलंय, संडासाचं नाही. दांडी दीड फूट लांब झाली म्हणून त्यांचं नाही बदलून हो होत नाही. आणि दादा, ११४ मेसेजमध्ये तुझे सोळा आहेत, एकात पण "मी घासतो" असं नाही.

आता हे मी लिहितोय खरा, पण मी कुठल्या तोंडानं लिहितोय तेही सांगायला पाहिजे.

मी चौथीत असताना दर रविवारी मागच्या बोळातनं एक बाई यायची, खराटा आणि ॲसिडची बाटली घेऊन. तिला नाव असणार, पण आमच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. तिचं काम झालं की चहा. तिचा कप मोरीच्या कट्ट्यावर उपडा असायचा, कान तुटलेला, कडेला निळी रेघ. ती तो स्वतः विसळायची, पुढं धरायची, आणि मी वरून हातभर अंतरावरनं चहा ओतायचो, एक थेंब हातावर पडला तर ती हात हलवायची नाही. मला ते काम आवडायचं, मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्याच वर्षी शाहू जयंतीला शाळेत भाषण केलेलं, महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर चहा प्यायचे म्हणून. टाळ्या पडल्या, पेन मिळालं. घरी येऊन परत तोच कप. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावात राजानं करून दाखवलेलं आणि आमच्या घरात मोरीपर्यंत पण पोचलं नव्हतं.

त्यामुळं इंग्लंडात आल्यावर शेअर्ड घरात फ्रीजवरच्या रोटावर, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या यादीत, माझ्या नावासमोर 'लू' लिहिलेलं बघितलं तेव्हा मी रडलो. कामावर दिवसात दहा बेडपॅन उचलत होतो, त्याचं काही नव्हतं, तिथं युनिफॉर्म होता, पगार होता, पेशंटची गरज होती. पण घरातला संडास, तोही दुसऱ्यांनी वापरलेला, मी घासायचा? आईला फोनवर सांगितलं तर ती पण रडली. तेव्हा कळलं, मला घाणीची किळस नव्हती, मला त्या बोळातल्या बाईच्या जागी उभं राहायला लागल्याचं दुःख झालेलं.

आणि ग्रुपवर मी नेहमी सांगतो ना, आम्ही इथं आमची कामं आमच्या हातानं करतो, ते पण पूर्ण खरं नाही. दोन वर्षं झाली, एक शुक्रवार सोडून एक क्लीनर येते, रोमेनियाची आहे. ती यायच्या आदल्या रात्री मी संडास घासून ठेवतो. तिला ते कळलंय, परवा म्हणाली की तू असं केलंस तर मला काम काय राहणार. चहा आमच्याच कपात देतो, पण ती पिते तेव्हा माझं लक्ष कपाकडं जातंय, चौदा वर्षांनी पण जातंय.

मे महिन्यात घरी आलेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन बसलो. आईनं बघितलं आणि हातातनं काढूनच घेतला. "अगं चार दिवसांची पाहुणी तू, लोक काय म्हणतील?" पाहुणी हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. वहिनीनं पण लगेच टॉवेल, नवा साबण, सगळं पाहुण्यासारखं आणून दिलं. मी न्हाणीघरात दार लावून उभा राहिलो जरा वेळ. कुणाच्या पण घरी राहिलं की खाणं-पिणं मिळतंय, जेवायला बस म्हणतात, पण संडास घासू देत नाहीत. माझ्या घरात मला कुणी तो हक्क देईना. मग दुपारी सगळे झोपल्यावर घासला, ब्रश खळखळून धुतला आणि मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला, उन्हात.

काल रात्री आईला फोन केला, गुडघे कसे आहेत विचारायला. ग्रुपवरच्या भांडणाचं ती काही बोलली नाही, ती ते वाचत पण नसेल. वहिनीची पॅडं किती उरलीत विचारलं तर म्हणाली, तिलाच विचार. मग जरा थांबून म्हणाली, "तुझा तो ब्रश अजून खिळ्यालाच आहे. परवा मीच घासलं त्यानं. पण वाकवत नाही गं आता. दिवाळीला येणार असशील तर वरच्या मजल्याचा तू करून जा."